शोध चावडीवर आणा!

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी एक जुना वाद पुन्हा उकरला जातो. वाद चकलीचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी आमच्या हिला भाजणीचे प्रमाण लिहून दिले होते. तांदूळ इतके, हरभऱ्याची डाळ इतकी, उडीद, मूग, धने, जिरे, सगळे वहीत टापटिपीने उतरवलेले. हिने त्याबरहुकूम भाजणी केली, दळून आणली, चकल्या पाडल्या आणि कढईत सोडल्या. त्या तेलात गेल्या त्या परत काही आल्या नाहीत! पीठ तेवढे वर तरंगू लागले. मागाहून कळले, की काकूंनी मोहनाचे माप लिहिलेच नव्हते. हिने अंदाजाने घातले ते फार झाले. काकू विसरल्या, की त्यांनी मुद्दाम गाळले, याचा निकाल आमच्या घरी अजून लागायचा आहे.

त्याच आळीत एक मावशी होत्या. दिवाळीच्या आधी आठ दिवस त्या आळीतल्या लेकीसुनांना अंगणात बोलावीत, चूल मांडीत आणि सर्वांदेखत भाजणी भाजीत. "ही डाळ पाहा, या रंगाला आली की उतरवायची. गेल्या साली मी बोलत बसले नि माझी करपली, ती कडू चव सबंध डब्याला लागली," अशी स्वतःची फजितीही त्या हातचे न राखता सांगत. पुढे आळीत घरोघर तशी चकली होऊ लागली. म्हणून मावशींच्या डब्यातल्या चकलीची चव कमी झाली, असे मात्र कोणी ऐकले नाही.

वाचकहो, फराळाच्या ताटावरून एकदम संशोधनाकडे वळतो, म्हणून रागावू नका. गोष्ट एकच आहे. आपल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि संशोधनसंस्थांत आज वहीवाल्या काकूंचे राज्य आहे. माझे म्हणणे असे, की तिथे अंगणातल्या मावशी बसल्या पाहिजेत. आणि त्यांचे अंगण म्हणजे गावाची चावडी असली पाहिजे.

जगात या दिशेने हालचाल नाही असे नाही. २००२ सालच्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने शोधनिबंध सर्वांना विनामूल्य वाचता यावेत अशी मागणी केली. २०२१ साली युनेस्कोने त्यापुढे जाऊन साऱ्या राष्ट्रांना शिफारस केली, की निबंधच काय, त्यामागचे आकडे, पद्धती आणि साधनेही खुली असावीत आणि सामान्य समाजालाही या कामात वाटा असावा. आपल्या केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' अशा नावाची योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये तिच्यासाठी ठेवले, आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचण्याची सोय केली. ही सोय चांगलीच आहे. खेड्यातून आलेल्या गरीब विद्यार्थ्याला परदेशी मासिकातला निबंध मिळू लागला, तर कोणाला वाईट वाटेल?

पण दार कोणाच्या बाजूला उघडले, हे पाहायला नको काय? ते उघडले महाविद्यालयाच्या बाजूला. आणि आत गेल्यावर बहुतेक सारा मजकूर इंग्रजीत. ज्यांच्या विहिरीचे पाणी, ज्यांच्या अंगातले रक्त आणि ज्यांच्या वावरातली माती घेऊन तो निबंध उभा राहिला, ती माणसे दाराच्या पलीकडे होती तिथेच उभी आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीचे गाव धाम नदीच्या काठी आहे. उभी हयात मी शाळामास्तरकीत घालवली, त्यामुळे त्या गावातली अर्धी मंडळी मला गुरुजी म्हणूनच ओळखतात. काही वर्षांमागे तिथे एका मोठ्या संस्थेतून शोधकांचे एक पथक आले होते. पोरे सालस होती. घरोघर फिरली, लांबलचक प्रश्न विचारले, विहिरींचे नि हातपंपांचे पाणी शिशांत भरून नेले. पुढल्या खेपेला मी गेलो तेव्हा पारावर एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, आमच्या इहिरीचं पानी नेलं शिशीत भरून. मंग ते कसं निंगालं, हे सांगाले कोनीच आलं नाही जी. आता पेवावं का नाही, तुमीच सांगा."

मी काय सांगणार! त्या पाण्यावर कुठेतरी निबंध छापला गेला असेल, कोणाला तरी पदवी मिळाली असेल. पण त्या म्हाताऱ्याची सून त्याच विहिरीवर त्याच दोराने पाणी शेंदीत होती. ज्याचे पाणी नेले त्याला पाण्याचा निकाल न सांगणे याला तुम्ही काय म्हणाल? मी त्याला उधारी बुडवणे म्हणतो. वाण्याकडून साखर आणली आणि पैसे दिले नाहीत, तर वाणी चारचौघांत बोलतो. खेड्यातला माणूस बोलत नाही, एवढाच काय तो फरक.

आता कोणी म्हणेल, मास्तर उगाच गहिवर आणतात. संशोधन खुले झाले म्हणून गरिबाच्या पदरात काय पडते? तर याच वर्धा जिल्ह्यातली एक हकीगत सांगतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीस गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी ते वर्धा जिल्ह्यात कान्हापूर या गावी काम करीत होते. तिथे शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये ठरवली होती. ४ रुपयेच कां? ३ कां नाहीत, ५ कां नाहीत? अभय बंगांनी समितीचा अहवाल मिळवला आणि त्यातली बेरीज-वजाबाकी तपासायला घेतली. उन्हातान्हात राबणाऱ्या देहाला किती उष्मांक लागतात, तेवढे अन्न कितीला पडते, हा हिशेब त्यांनी डॉक्टरच्या ज्ञानाने पुन्हा मांडला. समितीच्या हिशेबात चुका निघाल्या. त्यांच्या गणिताने मजुरी ४ नव्हे, १२ रुपयांच्या आसपास यायला हवी होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही मांडणी प्रसिद्ध झाली, कामगार चळवळीतल्या मंडळींनी ती हाती घेतली, आणि पुढे सरकारला मजुरीचे दर वाढवावे लागले.

या हकीगतीत बंगांचे कौतुक तर आहेच. पण माझे लक्ष दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते. समितीने नुसता ४ हा आकडा जाहीर केला नव्हता. तो कसा काढला, हेही अहवालात मांडले होते. हिशेब उघडा होता, म्हणून चूक सापडली. तोच आकडा 'तज्ज्ञांच्या मते' एवढ्या दोन शब्दांच्या पडद्याआड ठेवला असता, तर तो खोडायला कोणाला हाती काय धरता आले असते? पद्धत उघडी ठेवण्याची किंमत काय, ते त्या मजुरांच्या घरच्या चुलीला विचारा. आणि ज्या समितीने आपली रीत लपवली नाही तिलाही या न्यायात तिचा मान द्या. चुकणे हे पाप नव्हे, चूक दिसू न देणे हे पाप आहे.

वर्ध्याला तर हे कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथे स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. संघाच्या सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांची नावे होती. म्हणजे प्रयोगशाळेतले थोर लोक आणि घाणीचा बैल यांची गाठ घालण्याचा तो उद्योग होता. झवेरभाई पटेलांनी तिथे तेलघाणीत सुधारणा केल्या आणि ते सारे पुस्तकात लिहून ठेवले, पुण्याच्या के. बी. जोशींनी हातकागदावर लिहिलेले पुस्तक याच संघाने छापले. हेतू हा, की वाचणाऱ्याला ती वस्तू स्वतः करता यावी. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. संग्रहालय म्हटले की आपल्याला काचेआडच्या तलवारी आठवतात. इथे चरखे, घाण्या नि चुली मांडल्या होत्या, आणि पाहून जाणाऱ्याने घरी जाऊन तसे करावे अशी अपेक्षा होती. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमारांनी वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले, तेही याच वाटेने.

आणि अपयशाचे काय? १९२९ साली गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर आणि आश्रमातल्या सोबत्यांवर केला. त्याची हकीगत 'यंग इंडिया'त छापली; आणि प्रकृती बिघडून प्रयोग सोडावा लागला तेव्हा तेही तिथेच छापले. महात्म्याला आपला बिघडलेला प्रयोग देशापुढे मांडताना कमीपणा वाटला नाही. आणि आमच्या आजच्या शोधकाला, फसलेला प्रयोग सांगितला तर बढती अडेल, अशी धास्ती! परिणाम असा, की एकाची डाळ करपते, तो ती गुपचूप परसात पुरतो, आणि दुसरा पुन्हा तीच डाळ तितकीच करपवतो. दोन्ही वेळा सरपण मात्र तुमच्याआमच्या कराच्या पैशाचे.

"अहो, पण कार्यशाळा होतात की!" असे कोणी म्हणेल. होतात खऱ्या. मी त्यांना जाऊन बसलो आहे. मागे मोठा कापडी फलक. त्यावर पाहुण्यांची नावे मोठी आणि विषय बारीक. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. प्रास्ताविक करणारे गृहस्थ पाऊण तास बोलतात. मग पडद्यावर भराभर आकृत्या सरकतात. भाषा इंग्रजी, मध्ये मध्ये 'आहे' आणि 'होते' तेवढे मराठी. गावाहून बसने आणलेली मंडळी मागल्या खुर्च्यांवर पोहे कधी येतात याची वाट पाहतात. शेवटी वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द होतात आणि सर्वांचा एक फोटो निघतो. या समारंभात काय रद्द झाले ते ध्यानात घ्या. शाल रद्द झाली नाही, पोहे रद्द झाले नाहीत. रद्द झाले ते प्रश्न! ज्या सभेत वक्त्याला उलटे विचारता येत नाही ती कार्यशाळा नव्हे, ते कीर्तन. आणि कीर्तनाला निदान टाळ तरी असतात.

यावर विद्वानांचे तीन आक्षेप ठरलेले असतात. पहिला हा, की खेड्यातल्या माणसाला शास्त्र कळत नाही. हे म्हणणाऱ्याने एकदा कपाशीच्या वावरात उभे राहावे. गुलाबी बोंडअळीसाठी शेतकरी कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन रात्री सापडले, किंवा २० हिरवी बोंडे फोडून पाहिली आणि त्यांतली दोन किडलेली निघाली, तर उपाय करण्याची वेळ आली, असा शास्त्रज्ञांनीच घालून दिलेला दंडक आहे. यात मोजणे आले, नमुना निवडणे आले, तीन रात्री धीर धरणे आले. यालाच शास्त्र म्हणतात ना? जो शेतकरी हे करतो, त्याला शिशीतल्या पाण्याचा निकाल कळणार नाही? तुमची भाषा त्याला कळत नाही, हे खरे. पण भाषा तुमची आहे. ती सुधारणे हे तुमचे काम.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: उघडे ठेवले तर दुसरा उचलून नेतो. इथे मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड फकीर या गावचे दादाजी खोब्रागडे आठवतात. दीड एकराचा धनी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या त्यांनी हेरल्या, निराळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून त्या धानाचे नावच 'एचएमटी' पडले. बियाणे हातोहाती गेले आणि राज्याबाहेर पसरले. पुढे त्याच वाणाची शुद्ध केलेली आवृत्ती विद्यापीठाच्या नावाने निघाली. श्रेयात आपले नाव नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तरी २०१८ साली ते गेले ते हलाखीतच.

मग दादाजींनी बियाणे लपवून ठेवायला हवे होते काय? लपवले असते तर दीड एकरात ते त्यांच्याबरोबरच संपले असते. चूक दिलदारपणात नव्हती. नोंद नव्हती, ही चूक होती. पहिल्या दुसऱ्या वर्षीच भर ग्रामसभेत चार जाणत्यांसमोर ते धान दाखवले गेले असते, तारीख आणि नाव वहीत चढले असते, त्या सभेला विद्यापीठाचा माणूस हजर असता, तर पुढे श्रेय पुसायला कोण धजला असता? चोराला अंधार सोयीचा असतो. उघड्यावर केलेल्या कामाला गाव साक्षीला असते.

तिसरा आक्षेप असा, की रोगांची माहिती चावडीवर मांडली तर माणसांची अब्रू जाईल. हा आक्षेप मला सोळा आणे मान्य आहे. कोणाच्या घरी कोणता रोग निघाला हे त्या घराला एकांतात सांगावे. चावडीवर नाव काढू नये. पण गावातल्या किती विहिरी वाईट निघाल्या, ते कसे मोजले, मोजण्यात कुठे शंका राहिली, हे सांगताना कोणाची अब्रू जाते? गेली तर ज्याने मोजण्यात हयगय केली त्याची.

तेव्हा माझी मागणी अगदी साधी आहे. ज्या गावात शोधक प्रश्नांची वही घेऊन शिरतो, त्या गावात वर्षाच्या आत परत येऊन त्याने सर्वांदेखत, मराठीत, निकाल सांगावा. सांगताना नुसता निकाल नको. काय विचारले, कसे मोजले, काय फसले, हेही यावे. ज्या साधनाने मोजले ते गावातल्या चार पोरापोरींच्या हाती देऊन त्यांच्याकडून एकदा मोजून घ्यावे. ज्यांनी ओंबी हेरली, पाणी दाखवले, वाट दाखवली, त्यांची संमती असेल तर त्यांची नावे लिहावीत. अहवालाची मराठी प्रत शाळेत आणि ग्रामपंचायतीत राहावी. आणि प्रश्नोत्तरे आधी घ्यावीत, शाल-श्रीफळ वेळ उरला तर. याला ६,००० कोटी लागत नाहीत. एक सतरंजी, एक फळा आणि उलटे उत्तर ऐकून घेण्याची तयारी, एवढे पुरते. पहिल्या दोन वस्तू प्रत्येक गावात आहेत.

आणि घरोघरच्या वाचकांना एक विनंती. या दिवाळीत तुमच्या घरी कोणी शिकणारा मुलगा, कोणी पीएच.डी. करणारी भाची किंवा सून येणारच. पाडव्याच्या दुपारी, ताटे उचलल्यावर, तिला मध्ये बसवा आणि विचारा: "बाई, तू काय शोधते आहेस ते आजीला कळेल असे सांग पाहू." पहिल्यांदा ती अडखळेल. आजी मध्येच भलता प्रश्न विचारील, आणि त्या भलत्या प्रश्नाने कदाचित तिच्या साऱ्या मांडणीतली एखादी फट उघडी पडेल. पडू द्या. घरच्या माणसांपुढे चूक निघणे केव्हाही बरे. तिथून मग तिला चावडी लांब नाही.

परवा बहिणीकडे फराळाचा डबा पोचवायला जायचे आहे. पारावर तो म्हातारा भेटेल आणि पुन्हा विचारील, "काहो गुरुजी, पान्याचं काई समजलं का?" या खेपेला मी त्या संस्थेला रीतसर पत्र लिहिले आहे आणि त्याची नक्कल खिशात ठेवली आहे. उत्तर आले तर ते पारावर मोठ्याने वाचून दाखवीन. नाही आले, तर तेही पारावरच मोठ्याने सांगेन.